संमतिपत्राचं बारावं पान

२०२२ च्या जूनमध्ये नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात मी क्लिनिकल रिसर्च को-ऑर्डिनेटर म्हणून, म्हणजे नव्या औषधांच्या पेशंटवरच्या चाचण्यांचे (ट्रायलचे) कागद सांभाळणारी म्हणून, रुजू झाले. पहिल्या दिवशी हातात एका लोखंडी कपाटाची चावी पडली. "सगळं यातच आहे," एवढं सांगून अकाउंट्सच्या मॅडम निघून गेल्या. कपाटात सगळं होतं हे खरं. आठ बॉक्स फाइली, सुट्या कागदांची दोन खोकी, बंद पडलेलं बीपीचं मशीन, कुणाचा तरी विसरलेला जेवणाचा डबा आणि वरच्या फळीवर व्हाइटनरच्या तीन बाटल्या. डबा मी धुऊन ठेवला. बाटल्या मात्र त्याच संध्याकाळी कचऱ्यात टाकल्या. ट्रायलच्या खोलीत व्हाइटनर दिसला की ऑडिटर खुर्चीवर बसायच्या आधीच भुवया उंचावतो.

आधीची को-ऑर्डिनेटर लग्न करून बंगळूरला गेली होती. हँडओव्हर म्हणून एका पानाचा मेल होता, त्याची शेवटची ओळ होती, "बाकी सरांना माहीत आहे." सरांना, म्हणजे आमच्या प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटरना, ट्रायलची जबाबदारी असलेल्या मुख्य डॉक्टरांना, बाकीचं काहीही माहीत नव्हतं. सर डॉक्टर म्हणून सोन्यासारखे. पेशंटचा हात हातात घेऊन दहा-दहा मिनिटं बोलतील. पण कागद पुढे केला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "अगं, मी पेशंट बघू की सह्या करत बसू?"

ट्रायल होती डायबेटीसवरच्या एका नव्या इंजेक्शनची, फेज ३, म्हणजे चाचणीचा तिसरा टप्पा. आमच्याकडे एकोणीस पेशंट. ऑगस्टमध्ये ऑडिट होणार असल्याचं स्पॉन्सर कंपनीने, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या औषध कंपनीने, कळवून ठेवलं होतं. मॉनिटर आणि ऑडिटर यांत फरक आहे. मॉनिटर हा स्पॉन्सरचा नेहमीचा तपासनीस, दर दीड-दोन महिन्यांनी येतो, चुका दाखवतो, चहा घेतो, नंतर मेल टाकतो. ऑडिटर एकदाच येतो आणि मॉनिटरच्या नजरेतून काय सुटलं तेही शोधतो. माझ्या हातात जेमतेम दोन महिने होते.

बाहेरच्या माणसाला हे काम कारकुनी वाटतं. माझ्या आईला अजूनही वाटतं, "फाइली लावायला बी. फार्म. कशाला केलंस?" आयसीएच-जीसीपी म्हणजे ट्रायल कशा चालवायच्या याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं. त्यांच्या ज्या आवृत्तीवर तेव्हा काम चालायचं, तिच्या आठव्या प्रकरणात आवश्यक कागदपत्रांची यादीच दिली होती: ट्रायल सुरू होण्याआधी कोणते कागद हवेत, चालू असताना कोणते, संपल्यावर कोणते. (जानेवारी २०२५ मध्ये नवी आवृत्ती आली, तिथे 'डॉक्युमेंट्स' जाऊन 'रेकॉर्ड्स' शब्द आला. कपाट मात्र तेच.) यादी पाठ करून काही होत नाही. ट्रायलमधल्या कुणालाही न भेटलेल्या माणसाने नुसती फाइल वाचून सांगता आलं पाहिजे की अमुक पेशंटला अमुक दिवशी कुणी, कुठल्या अधिकाराने, कुठलं औषध दिलं, आणि त्याआधी त्याला काय समजावून सांगितलं होतं. मी हाच प्रश्न घेऊन बसले आणि पहिला आठवडा एकाही कागदाला पंच मारला नाही. मीटिंग रूमच्या फरशीवर सगळं पसरलं आणि फक्त वाचलं. साफसफाईच्या मावशी झाडू घेऊन दारात यायच्या आणि मान हलवून परत जायच्या.

काही गोष्टी पटापट उरकल्या. सगळ्यांचे सीव्ही, सही-तारखेसह. डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलची नोंदणी, जिचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि जे हमखास विसरलं जातं. लॅबचं एनएबीएल (लॅबच्या दर्जाची मान्यता) सर्टिफिकेट, मधल्या काळातली जुनी सर्टिफिकेटंसुद्धा, कारण रक्त २०२१ मध्ये तपासलं असेल तर २०२२ चा कागद काही कामाचा नाही. विम्याची पॉलिसी, सीटीआरआयची, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतली, नोंदणी, आणि पेशंटचं हित बघणाऱ्या एथिक्स कमिटीच्या सभासदांची यादी. हे सगळं मागितलं की मिळतं. एक फोन, एक स्मरणपत्र, फार तर एक रुसवा.

ईसीजी पाहिले तेव्हा मात्र धस्स झालं. थर्मल कागदावरचे ईसीजी तसेच फाइलला लावलेले होते. वर्षभरात निम्म्यांची शाई उडाली होती. काही पट्ट्या खिडकीकडे धरून तिरप्या केल्या तरच रेघ दिसायची. जेवढ्या वाचत होत्या तेवढ्यांची त्याच दिवशी झेरॉक्स काढली, प्रत्येकीवर 'मूळ प्रतीशी पडताळून पाहिली' असं लिहून सही आणि त्या दिवसाची तारीख घातली आणि मूळ पट्टीसोबत स्टेपल केली. तीन पट्ट्या पूर्ण कोऱ्या झाल्या होत्या. त्या कोऱ्याच ठेवल्या आणि तसं लिहिलं.

संमतिपत्रांच्या फाइलीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ट्रायलविषयीच्या २०१९ च्या सरकारी नियमांनुसार संमतिपत्रात पेशंटचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नावही घ्यावं लागतं. ट्रायलमुळे काही बरंवाईट झालं तर भरपाई द्यायची तजवीज म्हणून. पेशंटच्या बाजूने पाहिलं तर हे रकाने भीतिदायक आहेत. उत्पन्न विचारलं की लोक हमखास म्हणतात, "कशाला? पिवळं रेशनकार्ड काढून घेणार का?" आणि नॉमिनी म्हटलं की बायका थेट नवऱ्याकडे बघतात. एका काकांनी तर नॉमिनीच्या रकान्यात स्वतःचंच नाव लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाले, "माझे पैसे मीच घेईन ना!"

आमच्या मॉनिटरची तक्रार वेगळीच होती. मुलगा केरळचा, अतिशय काटेकोर, मराठी बोलायला शिकला होता पण देवनागरी आकड्यांशी त्याचं जमायचं नाही. तीन रिपोर्टांत त्याने एकाच पेशंटविषयी लिहिलं होतं की संमतीची तारीख अशक्य आहे. मी फाइल काढली. पेशंट अकरा, निफाड तालुक्यातल्या एक आजी. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, १४/१/२२. संक्रांतीचा दिवस. आता आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ इंग्रजी आठसारखा. त्याने वाचलं होतं, अठ्ठ्याण्णव तारीख, नववा महिना. मला हसू आवरेना, मग त्यालाही. जाता जाता तो एक शहाणपणाचं बोलून गेला, "हे तुम्हाला दिसतं. फाइल उघडणाऱ्याला कोण सांगणार?" मग मी देवनागरी आकडे आणि त्यांपुढे इंग्रजी आकडे असा एक तक्ता केला, सरांची सही घेतली आणि संमतिपत्रांच्या फाइलीला सुरुवातीलाच लावला. आजींच्या तारखेला कुणी हात लावला नाही. पेशंटने लिहिलेलं आपण 'सुधारायचं' नसतं.

वेळेचा घोळ याहून जड होता. सही सकाळी १०.४० ची आणि ट्रायलच्या तपासणीतलं वजन-बीपी १०.१० चं, असं दोघांच्या बाबतीत निघालं. म्हणजे संमतीच्या आधीच तपासणी झाली. कदाचित भिंतीवरचं घड्याळ पुढे असेल, कदाचित सिस्टरने रोजच्या ओपीडीचा बीपी उतरवला असेल. कदाचित हा शब्द फाइलीत चालत नाही. प्रोटोकॉल डेव्हिएशन, म्हणजे ट्रायलच्या ठरलेल्या पद्धतीतली चूक, म्हणून दोन्ही प्रकार एथिक्स कमिटीला कळवले.

मग फ्रिज. औषध दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं. वही अगदी सुरेख होती आणि तिथेच मला शंका आली. २०२१ च्या नोव्हेंबरचं पान: ४, ५, ६ तारखेला सकाळी नऊ, संध्याकाळी पाच, प्रत्येक वेळी ४.२. एकच पेन, एकच झोक. ४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, पुढे पाडवा, मग भाऊबीज. रिसर्चच्या खोलीला कुलूप होतं आणि रजेच्या रजिस्टरवर माझ्या आधीच्या बाईंची तीन दिवसांची रजा. फ्रिजमधला आकडा कुणी पाहिला? कुणीच नाही.

फ्रिजमध्ये एक छोटा डेटा लॉगर होता, दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवणारा. तो कुणी कधी कॉम्प्युटरला लावलाच नव्हता. मी लावला. पाडव्याच्या दुपारी एक उंच टेकाड: तापमान चढत चढत ११.३ पर्यंत गेलेलं, आठच्या वर जवळपास दोन तास. इमारतीतली वीज गेली असणार आणि ही खोली जनरेटरच्या लाइनवर नसणार. त्या फ्रिजमधली इंजेक्शनं पुढच्या आठवड्यात सहा पेशंटना दिली गेली होती.

माझं काम पडलं कागदांचं, पण त्या दुपारी मला कागद दिसतच नव्हते. त्या सहा जणांची नावं समोर होती. सरांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच पेशंट थांबवून माझं पूर्ण ऐकलं, आणि सहाही केसपेपर मागवून एकेक वाचून काढले. साखरेत किंवा इतर कशात काही वावगं नव्हतं. स्पॉन्सरला आलेख पाठवला. चौथ्या दिवशी उत्तर आलं की त्यांच्या स्थिरता चाचण्यांनुसार एवढ्या वेळेसाठी एवढं तापमान चालतं, औषध वापरण्याजोगं होतं. ते चार दिवस मी आईशीसुद्धा नीट बोलले नाही. एथिक्स कमिटीला पत्र गेलं. वहीतले ते ४.२ आजही तसेच आहेत, खोडलेले नाहीत. शेजारी एक नोंद आहे, जुलै २०२२ च्या तारखेची: लॉगरचे आकडे वेगळे आहेत, आलेख सोबत जोडला आहे.

डेलिगेशन लॉगवरून मात्र माझं आणि सरांचं वाजलंच. ट्रायलमधलं कुठलं काम कुणी करायचं हे सरांनी त्या लॉगवर लिहून, सही करून ठरवायचं असतं. एका सिस्टरचं नाव २० फेब्रुवारीपासून होतं आणि त्यांनी ट्रायलसाठी रक्त घेतलं होतं १२ ला. सरांचा उपाय तयार होता. "वीसचं बारा कर, मी सही ठोकतो. एवढंसं तर आहे."

खरं सांगायचं तर मलाही तोच मोह झाला होता. पुण्यात पहिल्या नोकरीत मी एकदा ट्रेनिंगच्या लॉगवर मागची तारीख घातलेली आहे. सगळे घालत होते. कुणाला कधी कळलं नाही. त्यामुळे मी नीतीचं व्याख्यान वगैरे दिलं नाही. एवढंच विचारलं, "सर, १२ फेब्रुवारीला तुम्ही कुठे होतात?" त्यांनी मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं. पुण्यात, कॉन्फरन्सला. सर्टिफिकेट त्यांच्याच सीव्हीसोबत फाइलीत लावलेलं. सर मोठ्यांदा हसले आणि पेन काढून त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की सिस्टरना काम फोनवरून सांगितलं होतं, लेखी नोंद करायची राहिली, आणि हे आज लिहितो आहे. खाली सही, ७ जुलै. पुढे सह्यांना बोलावलं की स्वतःच विचारायचे, "आजचीच तारीख ना, बाई?"

ऑगस्टमध्ये ऑडिटर आल्या. हैदराबादच्या, पन्नाशीच्या, शांत. पहिल्या दिवशी त्यांनी फ्रिजचं प्रकरण वाचलं, काही प्रश्न विचारले, मान डोलावली. देवनागरी आकड्यांच्या तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढायची परवानगी मागितली, मी खुलले. डेव्हिएशन, कोऱ्या ईसीजी, सिस्टर, सगळं आम्हीच आधी लिहून ठेवलेलं, त्यामुळे त्यांना शोधायला फार उरलं नव्हतं. रात्री मी निवांत जेवले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी पेशंट अकराची संमती पुढे सरकवली आणि विचारलं, "बारावं पान कुठे आहे?"

मी म्हटलं, "चौदा पानं आहेत, मॅडम, मी स्वतः मोजली आहेत." त्यांनी पानं उलटून दाखवली. दहा, अकरा, अकरा, तेरा, चौदा. अकरावं पान दोनदा होतं, एक आजींच्या सहीचं, एक कोरं. मी कागद मोजले होते, खालचे आकडे वाचले नव्हते. एकोणीसच्या एकोणीस संमतिपत्रं मी अशीच मोजली होती, बँकेतला कॅशियर नोटा मोजतो तशी.

बाराव्या पानावर काय होतं? ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कशी मिळेल, आणि अडचण आली तर कुणाला फोन करायचा. ऑडिटर बाईंनी आवाज न चढवता पुढचं विचारलं, "ह्या बाईंना हे पान कधी दिसलं होतं का?" मला उत्तर माहीत नव्हतं आणि खोलीत कुणालाच नव्हतं. हरवलेला कागद नंतर हरवला की मुळातच नव्हता, हे फाइल सांगू शकत नव्हती. 'मेजर', म्हणजे गंभीर त्रुटी, असा शेरा पडला. सर तेव्हा ओपीडीत होते, मी जाऊन सांगितलं तर ते फक्त म्हणाले, "आजींना बोलाव."

मुलाला फोन केला. तो घाबरला. औषधात काही निघालं का, हेच पुन्हा पुन्हा विचारत होता. दोन दिवसांनी आजी आल्या, एसटीने, नातवाबरोबर. ऑडिटर तोवर परत गेल्या होत्या. काखेत प्लॅस्टिकची पिशवी, तिला दोन गाठी. नियमाने संमतिपत्राची एक प्रत पेशंटला द्यावीच लागते, आणि आम्ही ती देतोही, पण खरं सांगते, तिचं पुढे काय होतं याचा मी कधी विचार केला नव्हता. चुलीत जात असेल, असंच धरून चालले होते.

आजींनी गाठी सोडल्या. रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, आधार, कुठल्याशा सोसायटीच्या पावत्या, आणि त्यांच्यामध्ये चार घड्या घातलेली आमची झेरॉक्स. कडा मऊ पडल्या होत्या. मी पानं उलटली, या वेळी आकडे वाचत. दहा. अकरा. बारा. बाराव्या पानाच्या तळाशी आजींची सही होती, बाकीच्या पानांवर होती तशीच, साक्षरतेच्या वर्गात घोटलेली, शेवटच्या अक्षरावर थोडी अडखळणारी. शेजारी १४/१/२२. आणि सरांच्या फोन नंबरभोवती निळ्या पेनाने दोनदा गोल काढलेला.

"ह्यानं काढलाय," आजी नातवाकडे हात करून म्हणाल्या. "मी त्याच्याकडून समदं वाचून घेतलं व्हतं. तिळगूळ देत व्हत्या त्या बाई, त्या दिवशी."

मी झेरॉक्सची झेरॉक्स काढली. कुणी दिली, कधी दिली, मूळ पान आमच्याकडून हरवलं आहे, हे सगळं लिहिलं. सरांनी आजींशी बोलून वेगळी नोंद केली. भरपाईबद्दल त्यांना काय आठवतं, हे त्यांच्याच शब्दांत. मूळ पान कधीच सापडलं नाही. शेरा 'मेजर'च राहिला, पण त्याखालच्या उत्तरात आता लिहायला काहीतरी खरं होतं. उरलेली अठरा संमतिपत्रं मी पुन्हा काढली आणि एकेक आकडा मोठ्याने वाचत तपासली.

त्या दिवशी मी आजींना म्हटलं होतं, "ही प्रत जुनी झालीये, आजी. तुम्हाला नवी कोरी काढून देते, ही राहू दे आमच्याकडे."

"न्हाई," आजी म्हणाल्या. "तू झेरॉक्स घे. माझा कागद मला दे."

मी दिला. आजी तिथेच बाकावर बसल्या, अंगठ्याला थुंकी लावली आणि पानं मोजायला लागल्या. प्रत्येक पान उलटताना तळाशी बोट टेकवत होत्या, आकड्यावर. चौदा झाल्यावर चार घड्या घातल्या, कागद रेशनकार्ड आणि पासबुकाच्या मधे सरकवला आणि पिशवीला दोन गाठी मारल्या.